माझा मास्तर नेणाऱ्या मॅडम

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतला एक मास्तर मॅडमनी नेला आणि तो अजून परत आलेला नाही. हे मी आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून कोणाला वाटेल की हा माणूस त्या बाईंचा भक्तच आहे. तसं नाही. माझं भांडण जागच्या जागी आहे. पण आयुष्यात मी जेवढ्या लोकांशी सौदे केले, त्यांत मला पुरून उरलेलं माणूस एकच, आणि ते कसं होतं हे कोणीतरी लिहून ठेवायला पाहिजे.

सातवीनंतर माझी शाळा सुटली. कोहमाऱ्याच्या ढाब्यांवर ताटं धुतली, ट्रकवाल्यांकडून भाव पाडायला शिकलो. आज केशोरीच्या बाजूला माझी धानाची खरेदी आहे, लहानशी राईस मिल आहे, प्रवासी वाहणारी एक काळीपिवळी जीप चालते. समोरचा गडी कुठवर उतरणार हे मला तो बोलण्याआधी त्याच्या खुर्चीवर बसण्यावरून कळतं. मॅडमच्या बाबतीत मात्र मला कधी काही कळलं नाही, कारण त्या खुर्चीवर बसतच नसत.

त्या केंद्रप्रमुख होत्या. म्हणजे आमच्या भागातल्या दहा-बारा सरकारी शाळा त्यांच्या हाताखाली. त्या आल्या की आमचे मुख्याध्यापक धावत खुर्ची आणत, तिच्यावर धुतलेला टॉवेल टाकत. मॅडम खुर्चीकडे बघून "छान आहे" म्हणत आणि शेवटच्या रांगेत जाऊन टाटपट्टीवर मांडी घालत. हेल्मेट पुष्कळदा डोक्यावरच राहायचं. बसताना गुडघे वाजायचे, पोरं खिदळायची. "हसा, पण पाढा थांबवू नका," त्या म्हणायच्या, आणि पोरं हसत हसत पाढा म्हणायची.

तपासणीची त्यांची तऱ्हा वेगळीच. सोमवारी आमच्या पानठेल्याजवळ स्कूटी थांबवून, चार लोकांना ऐकू जाईल असं विचारायच्या, "मंगळवारी शाळा उघडी आहे ना?" एवढंच. तासाभरात मास्तरांना खबर. मंगळवारी अंगण झाडून लख्ख, पोरांच्या डोक्याला तेल, भिंतीवर नवे तक्ते. मॅडमचा पत्ता नाही. त्या यायच्या बुधवारी.

मुख्याध्यापक एकदा रडकुंडीला येऊन म्हणाले, "मॅडम, काल आम्ही दिवसभर वाट पाहून राहिलो होतो."

"म्हणून तर आज आले," त्या म्हणाल्या. "सजलेली शाळा सगळ्या गावांत सारखीच असते. दमलेली कशी दिसते ते मला बघायचं असतं."

पुढच्या खेपेला मास्तर हुशार झाले. मंगळवारी निवांत राहिले आणि बुधवारसाठी कंबर कसली. मॅडम मंगळवारी आल्या. मी तेव्हा शाळेच्या फाटकाशी उभा होतो. मनात म्हटलं, ही बाई धानाच्या धंद्यात उतरली असती तर मला परत ताटं धुवावी लागली असती.

फाटक माझ्या पैशाचं होतं, हेही सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीचा मी अध्यक्ष होतो. अध्यक्ष व्हायचं तर आपलं पोर त्याच शाळेत असावं लागतं. गावातले बरेचसे पैसेवाले आपली पोरं पिवळ्या बसमधून कॉन्व्हेंटला पाठवत होते. मी माझी धाकटी पोरगी मुद्दाम इथं ठेवली. लोक म्हणायचे, अध्यक्षाला गावाची कळकळ आहे. कळकळ होतीच. खुर्चीही आवडत होती.

मॅडमच्या खांद्याला एक कापडी पिशवी असायची. तिच्यात बिस्किटांचे कागद, बियाण्यांची रिकामी पाकिटं, औषधांची खोकी, जुन्या लग्नपत्रिका, कोणाच्या तरी तेरवीचं पत्र. पोरांना वाचायला त्या हेच द्यायच्या. पुस्तकाला हात लावत नसत. "पुस्तक पोरांना पाठ असतं," त्या म्हणायच्या. "पाकीट पाठ नसतं."

माझी त्यांच्याशी पहिली ठिणगी पडली ती या पाकिटावरून. झेंडावंदनाचा दिवस होता. ओट्यावर सरपंच, मी, पाहुणे. माझी पोरगी तेव्हा तिसरीत. तिनं हातवारे करून लांबलचक भाषण ठोकलं, एकदाही न अडखळता. टाळ्या पडल्या. माझी छाती फुगली. मॅडम खाली पोरांच्या रांगेत होत्या. कार्यक्रम संपता संपता त्या तिच्याजवळ आल्या, पिशवीतून धानाच्या बियाण्याचं पाकीट काढलं आणि म्हणाल्या, "हे वाच गं जरा."

पोरीनं पाकिटाकडे बघितलं. मग मॅडमकडे बघितलं. मग पाकीट दोन्ही हातांत धरून तिनं तेच भाषण पहिल्यापासून सुरू केलं. "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजन वर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो..."

मागं कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिला पूर्ण बोलू दिलं, मग पाकीट घेऊन म्हणाल्या, "भाषण छान आहे तुझं."

मी ओट्यावरून उतरलो. माझा राग सगळ्या तालुक्याला माहीत आहे. "मॅडम, लेकराची इज्जत काढता का चार लोकांत?"

"तिची इज्जत कुठं गेली, अध्यक्ष?" त्या शांतपणे म्हणाल्या. "ती तिसरीत आहे."

सगळे मास्तर आपापल्या चपलांकडे बघायला लागले. ते हसणं माझ्या कानात राहिलं.

आता त्यांचा मोठेपणाही सांगतो, नाहीतर बेइमानी होईल. दर महिन्याला केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांची परिषद भरते. आधी तिथं स्वागतगीत, भाषण, नाश्ता आणि फोटो एवढंच असायचं. मॅडमनी नवीनच काढलं. प्रत्येकानं उभं राहून या महिन्यात आपल्याला काय जमलं नाही ते सांगायचं. जमलेलं सांगायची परवानगी नाही. एकदा परिषद आमच्या शाळेत होती, नाश्त्याचे आलूपोंगे माझ्याकडून, म्हणून मीही दारात टेकून ऐकत होतो. मॅडम स्वतः पहिल्या उठल्या. "मी या महिन्यात एका मास्तरांना पोरांसमोर बोलले. जमलं नाही." आणि बसल्या. पंखा तेवढा खडखडत होता. शेवटी निवृत्तीला आलेले एक गुरुजी उठले. चष्मा काढून पुसत म्हणाले, "मॅडम, मला भागाकार शिकवता येत नाही. पोरांना येतो तो ट्यूशनमधून येतो. नोकरीभर कोणाला सांगितलं नाही."

मला वाटलं, आता म्हाताऱ्याची नोटीस निघते. मॅडमनी इकडंतिकडं बघून विचारलं, "भागाकार कोणाला चांगला जमतो?" एका पोरसवद्या मास्तरनं हात वर केला. "गुरुजींच्या शाळेत आठवडाभर जा. त्यांचा वर्ग तुम्ही घ्या, गुरुजी शेवटच्या रांगेत बसतील. मीही बसते, मलाही नीट येत नाही." संपलं. गुरुजींचे खांदे इतके हलके झाले की ते मला माझ्या जागेवरून दिसलं. मी मंडीत वाढलेला माणूस. आमच्याकडं नुकसान झालं तरी चेहरा असा ठेवतात की जणू गाडी भरून माल आला आहे. दोन-चार डझन नोकरदार माणसं एकमेकांना आपलं नुकसान मोकळेपणी सांगतात हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला.

साहेबांचंही त्यांना भय नव्हतं. एकदा वरून मोठे साहेब आले. मी हार घेऊन त्यांच्या मागं. आम्ही वर्गाच्या दारात पोचलो तेव्हा एक पोरगं औषधाच्या खोक्यावरचं अडखळत वाचत होतं आणि मॅडम त्याच्या शेजारी बसल्या होत्या. मास्तर ताडकन उठले, पोरंही उठायला लागली. मॅडम म्हणाल्या, "थांबा, याचं वाक्य व्हायचं आहे." साहेब दारात उन्हात उभे. पोरानं अक्षर अक्षर जोडत "लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावे" एवढं पूर्ण केलं, तेव्हा मॅडम उठल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "या साहेब." साहेबांच्या कपाळावर घाम होता. रागावतील असं वाटलं, पण त्यांनी त्या पोराच्या पाठीवरून हात फिरवला. माझा हार हातातच राहिला.

अशा बाईशी मी सौदा करायला गेलो.

आमच्या गावापासून थोड्या अंतरावर, नहराच्या पलीकडे, जंगलाच्या तोंडाशी एक वस्ती आहे. बहुतेक घरं गोंडी बोलणारी. थोडी शेती, थोडी जंगलाची कामं. तिथं चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक, पोरं अगदी थोडी. कमी पटाच्या शाळा बंद करून जवळच्या शाळेत घालायच्या अशी वरून हवा सुटली, तेव्हा यादीत तिचं नाव होतं, आणि सगळ्यात जवळची शाळा आमची. इकडं पिवळ्या बसनं आमचाही पट खाल्ला होता. आणखी उतरला तर आमचा एक मास्तर जास्तीचा ठरून दुसरीकडं जाणार. वस्तीची पोरं आमच्याकडं आली तर मास्तर वाचतो. मला सरळ रस्ता दिसला.

मी वस्तीत गेलो. मोहाच्या झाडाखाली आईबाप जमले. मी म्हटलं, "सीधी बात. तुमच्या पोरायले माझी काळीपिवळी नेईल, आणून सोडील. एक पैसा नाही. आमच्याकडं टीव्हीवर शिकवतात. मैदान आहे, फाटक आहे."

वस्तीच्या समितीचा अध्यक्ष वनमजूर होता, वाळका, थंड माणूस. तो म्हणाला, "फाटक कायले पाह्यजे भाऊ? आमची पोरं शाळेतून पळून नाही जात."

सगळे हसले, मीही हसलो. सौद्यात समोरच्याला एकदा हसू द्यावं लागतं. शेवटी तो म्हणाला, "सायेब लोक बंद करनारच असन तं गाडी असलेली बरी." मी ओळखलं, माल आपला झाला.

पण दोन्ही समित्यांचे ठराव मॅडमच्या हातून वर जायचे होते. त्या आल्या, मोहाखाली जमिनीवर बसल्या, ठराव वाचला आणि विचारलं, "अध्यक्ष, तुम्ही धान कसं घेता?"

"पोत्यात नळी खुपसतो, मूठभर दाणे काढतो, हातावर घासून बघतो. मग भाव."

"मग शाळा न बघता सौदा काऊन करून राहिले?"

'का'ऐवजी हे 'काऊन' त्यांनी मुद्दाम माझ्या आवाजात म्हटलं. वस्तीची माणसं पुन्हा हसली. या वेळी मी नाही हसलो.

त्यांनी अट घातली. तुमची चौथीची पोरं आठवडाभर इथं बसतील. मग इथली पोरं आठवडाभर तुमच्याकडं. त्यानंतर दोन्हीकडच्या आईबापांना एकत्र विचारू. पोरं जिकडं जातील तिकडं तुमची गाडी जाईल, वर्षभर, फुकट. आणि मी वर तेच कळवीन.

मी त्या दोन खोल्यांकडे बघितलं. गळकी कौलं, उडालेला रंग. माझ्याकडं टीव्ही. असा सौदा मला कोणी आयुष्यात देऊ केला नव्हता. "मंजूर!" मी म्हटलं आणि हात पुढं केला. आमच्यात सौदा पक्का करताना हातावर हात मारतात. मॅडमनी खडूनं माखलेला हात माझ्या हातावर असा मारला की आवाज झाला.

माझी पोरगी तोवर चौथीत गेली होती. पहिला आठवडा ती वस्तीत गेली. रोज जेवताना मी विचारायचो, "काय गा बाई, कशी आहे शाळा?" ती म्हणायची, "पंखा नाही." मला बरं वाटायचं. पण चौथ्या का पाचव्या दिवशी ती भात चिवडत आपणहून बोलली. तिथं ज्याला समजलं नाही त्यानं उभं राहून मोठ्यानं तसं सांगायचं असतं. मग ज्याला समजलं तो पोरगा किंवा पोरगी समजावते. मास्तर सगळ्यांत शेवटी.

"मंग तू सांगतलं का?" तिच्या आईनं विचारलं.

"हो. मले वाचता येत नाही म्हटलं." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तिथं कोणी हासत नाही, बाबा."

मी पाणी प्यालो आणि उठलो.

दुसऱ्या आठवड्यात वस्तीची पोरं आमच्याकडं आली. मी स्वतः फाटकाशी उभा राहिलो. पहिल्याच दिवशी टीव्हीवर गणित चालू असताना वस्तीची एक पोरगी उठून खणखणीत आवाजात म्हणाली, "मले नाही समजलं." आमचा वर्ग खो खो हसला. आमचे मास्तर वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, "बस खाली, नंतर सांगतो." टीव्ही पुढं गेला. ते 'नंतर' काही आलं नाही. आठवड्याच्या शेवटी वस्तीची पोरं आमच्या पोरांसारखीच हाताची घडी घालून गप्प बसायला शिकली होती. काही तर आलीच नाहीत.

सभा आमच्या शाळेत भरली. मॅडमनी विचारलं, "कोण कुठं जाणार?" वनमजूर म्हणाला, "आमची पोरं आमच्याच शाळेत." ते मला अपेक्षित होतं. मग कोण उठावं? माझी बायको. सभेत कधी तोंड न उघडणारी. "आमची पोरगी वस्तीत जाईन."

मी डोळे वटारले. अख्ख्या सभेत ती म्हणाली, "माह्याकडं काय पाहून राहिले? झेंड्याच्या दिवशी तुमी ओट्यावर होते. घरी तिले पोटाशी घेऊन मी बसली होती."

तिच्यामागून आणखी बाया उठल्या. सगळ्या नाही, पण पुरेशा. त्यांच्या पोरांनीही घरी तेच सांगितलं होतं. मी तिथं आरडाओरडा केला, टेबलावर हात आपटला, सौदा मोडतो म्हणालो. माझं झाल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "मोडा. हात तुमचा होता."

धंदा करणाऱ्या माणसाला याच्यापुढं काही करता येत नाही. हे त्यांना ठाऊक होतं.

वस्तीची शाळा यादीतून सुटली. आमचा पट उतरला आणि एक मास्तर जास्तीचा ठरला. पोरगीच आमच्या शाळेत नाही म्हटल्यावर माझी अध्यक्षाची खुर्चीही गेली. बदलीचा आदेश आला त्या दिवशी मी गावात ओरडून घेतलं, मोटरसायकलला लाथ मारली आणि थेट वस्तीवर गेलो. मॅडम तिथं आहेत असं कळलं होतं. जिभेच्या टोकावर शिव्या होत्या.

मॅडम ओसरीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईजवळ बसून गंजाच्या, म्हणजे मोठ्या पातेल्याच्या, तळाची करपलेली खिचडी खरवडून खात होत्या. पोरांचं जेवण झालं की त्या तेच मागून घ्यायच्या. मला बघून म्हणाल्या, "कोण म्हणून आलात? अध्यक्ष की बाप?"

"अध्यक्ष ठेवलं का तुम्ही मला?"

"मग आधी बाप म्हणून आत बसून या. भांडायला मी इथंच आहे."

का कोण जाणे, मी बूट काढून आत गेलो आणि शेवटच्या रांगेत बसलो. मास्तर फळ्यावर अपूर्णांक मांडत होते. माझी पोरगी पुढं बसली होती. तिनं मला बघितलं, आणि तरीही ती उठली. हात मागं बांधले नाहीत, मान खाली घातली नाही. "सर, हे मले नाही समजलं."

मी हसण्याची वाट बघत राहिलो. कोणी हसलं नाही. एक वाळकं पोर उठलं आणि गोंडी-मराठी मिसळून तिला चुकीचं समजावलं. दुसरी एक पोरगी चिडून उठली, "तसा नाही गा!" तिनं हातातली भाकरीसारखी गोल पुठ्ठ्याची चकती फाडून दाखवली. माझ्या पोरीनं तुकडे जुळवून बघितले, पुन्हा वेगळे केले. "आता समजलं," ती म्हणाली आणि बसली. बस, एवढंच झालं. वर्ग पुढं गेला.

मी आजवर बँकेत, मंडीत, साहेबांच्या टेबलापुढं हे एक वाक्य कधी उच्चारलेलं नाही. कागदातलं काही न समजता मान डोलावली आहे. आणि माझी नऊ वर्षांची पोरगी ते वाक्य असं म्हणत होती जसं कोणी पाणी मागावं.

बाहेर आलो. मॅडम गंज घासायला हात लावत होत्या.

"तुम्हाला आधीच माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"फसवलं मला."

"सौदा केला."

शिव्या होत्या त्या कुठं गेल्या कळलं नाही. तरी मी हटणारा नाही. "माझा मास्तर परत द्या."

"नाही."

मी आयुष्यात पुष्कळ 'नाही' ऐकले आहेत. प्रत्येक 'नाही'ला कुठं ना कुठं फट असते, तिथं बोट घालून मी दार उघडलं आहे. त्या बाईच्या 'नाही'ला फट नव्हती. रागही नव्हता. पुढं त्यांची बदली झाली, देवरीकडं गेल्या म्हणतात. तिकडच्या लोकांना माझी सहानुभूती आहे, आणि त्यांचा हेवाही वाटतो.

शाळा सुटली. पोरं त्या दिवशीही धावत येऊन काळीपिवळीत दाटीनं बसली, त्यांच्यात माझीही. मी मोटरसायकलवर बसलो. ड्रायव्हरनं माझं मघाचं ओरडणं गावातच ऐकलं होतं, आणि सौदा मोडण्याची गोष्टही. तो खिडकीतून मान बाहेर काढून घाबरत म्हणाला, "मालक, उद्या गाडी आनाची का नाही?"

"काऊन?" मी त्याच्यावर खेकसलो. "उद्या सुट्टी आहे का?"